घरट्याच्या कॅमेऱ्यापायी बुडालेले ९,७९० रुपये

चिमणीच्या घरट्याचे चित्रण करण्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यात माझे ९,७९० रुपये बुडाले. हे लिहिताना संतापाइतकीच लाज वाटते, कारण खोटेपणा पैसे देण्याआधीच माझ्यासमोर होता.

विक्रेत्याने पाठवलेल्या चित्रफितीच्या कोपऱ्यात रात्रीचे २.१४ वाजलेले दिसत होते, चिमणी चारा भरवत होती आणि पिल्लांच्या चोचींचा पिवळा रंग लख्ख उमटला होता. रात्री असा कॅमेरा वापरतो त्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशातले चित्र कृष्णधवल असते आणि चिमणी रात्री चारा भरवत नाही, हे दोन्ही मला ठाऊक होते. तरीही मी ती चित्रफीत तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा पिल्लांकडेच पाहत राहिले. त्यात चिमण्यांच्या घरट्यासाठी लावलेल्या पेटीत काड्या येऊ लागल्या होत्या आणि अंडी घातल्यावर कॅमेरा बसवून मला पक्ष्यांना बिथरवायचे नव्हते. घाई झाली ती त्यामुळे.

कॅमेऱ्याचे ८,६४० आणि १२८ जीबीच्या कार्डाचे १,१५० रुपये मी थेट खात्यात भरले. बिलाशिवाय असे पैसे कधीही भरू नका. बसवण्यापूर्वी केलेल्या चाचणीत चित्र स्वच्छ आले, कारण मी दूरचे झाड टिपले होते; वीतभर अंतरावरचे घरटे मात्र निव्वळ धुरकट दिसले. चाचणी घरट्याच्याच अंतरावरून घ्या. कार्डही बनावट निघाले: ८ जीबीनंतरची एकही फाईल उघडत नाही, म्हणजे अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्याचा दिवस कायमचा गेला. उबवणीचे ११ ते १४ आणि पिल्ले उडेपर्यंतचे आणखी सुमारे १५ दिवस मी पेटीला हात लावला नाही, आणि माल परत करण्याची मुदत होती अवघी १० दिवसांची.

बँकेने सांगितले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, त्यामुळे ही फसवणूक ठरत नाही. पोलिसांनी हा खरेदीचा वाद असल्याचे सांगून मला ग्राहक तक्रारीकडे पाठवले, तेथे बिल मागितले, आणि बिल नसल्याचे सांगताच पुन्हा पोलिसांकडे जाण्यास सांगितले. दोन महिन्यांत पाच फेऱ्या झाल्या, तीन अर्ज दिले, एकाचीही पोच मिळाली नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. "चिमण्या पाहायला एवढे पैसे?" असे विचारणाऱ्या अधिकाऱ्याने विक्रेत्याचा खाते क्रमांक उतरवून घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

तीच चित्रफीत, तेच २.१४, आता दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसते आहे.