आख्मातोवाची सही की ख्लेब्निकोवचं शिळाप्रेसचं पुस्तक?

पैसे एकाच पुस्तकाचे आहेत आणि १९१०-२० च्या सुमाराची रशियन कविता मूळ प्रतीतच हवी आहे, तर गाडी बहुतेक इथे अडते: आख्मातोवा-मांदेलश्ताम या कवींपैकी कुणाचं सही असलेलं पुस्तक घ्यायचं, की जुनी काव्यपरंपरा झुगारणाऱ्या ‘फ्युचरिस्ट’ गटातल्या कवींचं, मग त्यावर सही नसली तरी?

पहिल्या गटाची पुस्तकं दिसायला साधी. आख्मातोवाचं ‘संध्याकाळ’ (१९१२) आणि मांदेलश्तामचं ‘दगड’ (१९१३), दोन्ही पातळ, दोन्हींच्या तीनतीनशेच प्रती. कविता काय, पुढच्या आवृत्त्यांतही मिळतात. जास्तीचे पैसे मोजायचे ते शाईतल्या दोन-चार ओळींचे, आणि नेमका तिथेच नकली माल घुसतो. म्हणून नुसत्या सहीपेक्षा कुणाला तरी नावानिशी भेट दिलेली प्रत केव्हाही उजवी. तो माणूस कोण, कवीशी त्याची ओळख कधीची, पुढे पुस्तक कुणाच्या घरी गेलं, हे सगळं ताडून बघता येतं. नुसतं ‘आन्ना आख्मातोवा’ एवढंच लिहिलेलं असेल तर ताडणार काय?

तारीखही नीट बघा. १९१८ च्या लेखनसुधारणेत रशियनमधली काही अक्षरं हद्दपार झाली, शब्दाच्या शेवटी येणारं मुकं चिन्ह गेलं. १९१४ ची तारीख आणि लेखन मात्र नव्या पद्धतीचं, असं दिसलं तर पाकिटाला हात लावू नका. उलट, १९१४ च्या पुस्तकावर १९६० ची तारीख असेल तर बिचकायचं कारण नाही. आख्मातोवा १९६६ पर्यंत हयात होती. मांदेलश्ताम १९३८ मध्ये व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला, त्याच्या हातचा मजकूर स्वस्तात मिळत असेल तर आधी संशयच घ्या. आणि भेटीच्या मजकुरातलं नाव खोडलंय म्हणून प्रत नाकारू नका. स्टालिनच्या अटकसत्राच्या काळात लोकांनी धास्तीनं स्वतःच्याच पुस्तकांवरची नावं खोडली, पानं फाडली. मला तर अशी प्रत करकरीत प्रतीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

फ्युचरिस्टांकडे हिशेबच वेगळा. त्यांच्यातले कवी ख्लेब्निकोव आणि क्रुचोनिख यांचं म्हणणं असं, की कवीची मनःस्थिती हस्ताक्षरातून वाचकापर्यंत पोचते, छपाईचे खिळे जुळवले की ती मरते. म्हणून पानं हातानं लिहून शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून ठसे घेऊन, काढली. ‘मिर्स्कोंत्सा’च्या (१९१२) २२० प्रती निघाल्या, मुखपृष्ठावर चित्रकार गोंचारोवानं कापलेला कागदी आकार चिकटवलेला, प्रत्येक प्रतीवर थोडा निराळा. कामेन्स्कीचं ‘गायींसोबत टँगो’ (१९१४) तर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदावर छापलं. अशा पुस्तकावर सही नसली म्हणून काय बिघडतं?

डोकेदुखी असते ती प्रतीच्या अवस्थेची. कागद हलका, पिना गंजलेल्या. त्यात प्रती मुळातच एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. पान गळलंय की त्या प्रतीत नव्हतंच, हे सांगताना मुरलेल्या विक्रेत्यालाही घाम फुटतो. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाकडे २००१ मध्ये अशा पुस्तकांचं मोठं घबाड देणगी म्हणून आलं. तिथल्या छायाचित्रांशी पान न् पान ताडल्याशिवाय बोली लावू नका.

मालकीचे कागद मात्र दोन्हीकडे मागायचेच. युरोपातल्या ग्रंथालयांतून कवी पुश्किनच्या काळातली रशियन पुस्तकं पळवून जागी हुबेहूब नकला ठेवणारी टोळी २०२४ मध्ये उघडी पडली. किमान १७० पुस्तकं, अंदाजे २५ लाख युरोंची. तेव्हा ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. थेट रशियातून मागवायचा विचार असेल तर शंभरी ओलांडलेली पुस्तकं बाहेर काढण्यावर तिथे कडक निर्बंध आहेत, हे विसरू नका. आधीपासूनच बाहेर असलेली प्रत शोधणं बरं.

माझा कौल? रशियन हस्ताक्षर स्वतः वाचता येत असेल तर आख्मातोवा. येत नसेल तर फ्युचरिस्ट. पुस्तक हातात घेतलं की निदान आपण कशाचे पैसे मोजले हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही परवडत नसतील तर १९२२-२३ ची बर्लिनची प्रकाशनं बघा. त्स्वेतायेवा, पास्तरनाक हे कवी तिथे छापले गेले. भेटीच्या मजकुराशिवायची प्रत त्या मानानं पुष्कळ आवाक्यातली.