घरासाठी ड्रिल मशीन: वायरचं, बॅटरीचं की रोटरी हॅमर?

नव्या घरात पडदे लावायचे म्हणून मी पहिलं ड्रिल मशीन घेतलं. वायरवालं, 13 मिमी चकचं (म्हणजे 13 मिमीपर्यंत जाडीचं बिट, भोक पाडणारा दांडा, पकडणारं), 600 वॉटचं, इम्पॅक्ट असलेलं, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं. हॉलच्या भिंतीत घड्याळासाठी पहिलं भोक अर्ध्या मिनिटात पडलं, फरशीवर शेंदरी भुकटी सांडली, मी खूश. मग स्टुलावर चढून तेच मशीन खिडकीच्या वर टेकवलं. गिलावा भसकन गेला आणि दोन सेंटिमीटर आत गेल्यावर गाडी अडली ती अडलीच. वीस मिनिटं खांदा लावून रेटलं. भुकटी राखाडी, तीही चिमूटभर. बिटचं टोक निळं पडलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या. शेवटी शेजारच्या काकांनी आपलं रोटरी हॅमर आणलं आणि दहा सेकंदांत भोक पाडून दिलं. वर म्हणाले, “अरे, हे लिंटल आहे!”

भिंत विटेची असली तरी खिडकी-दाराच्या डोक्यावर काँक्रीटची पट्टी असते, तेच हे लिंटल, आणि पडद्याचा ब्रॅकेट नेमका तिथेच येतो. म्हणून कुठलं मशीन घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी भिंत कसली आहे ते विचारतो.

ते ओळखायला घड्याळाच्या जुन्या खिळ्याचं भोक पुरतं. त्यातून शेंदरी भुकटी आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी आली आणि हाताने फिरवलेला स्क्रूसुद्धा आत शिरला, तर हलका ब्लॉक, म्हणजे ज्याला सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात तो. राखाडी भुकटी आणि खिळा वाकडा, तर आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. कोकणात चिऱ्याचं घर असेल तर तांबूस-तपकिरी भुकटी येते आणि मध्येच बिट एखाद्या पोकळीत भसकन घुसतं. गेल्या काही वर्षांतल्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यातलं बांधकाम खूप झालंय. तिथे बेडरूममधली साधी आडभिंतसुद्धा आरसीसीची असते. तशा घरात राहत असाल तर पुढचे दोन परिच्छेद वाचून थेट दुकान गाठलंत तरी चालेल.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्यांची जोडी एकमेकींवरून खडखडत फिरते. मिनिटाला हजारो ठोके बसतात, पण प्रत्येक ठोका चिमटीएवढा. उरलेला जोर तुमच्या खांद्याचा. विटेला तेवढं पुरतं. काँक्रीटमध्ये खडी असते आणि आपल्याकडे ती बहुधा काळ्या बेसॉल्टची. बिट नेमकं खडीवर टेकलं की मशीन नुसतं किंचाळतं, भोक पुढे सरकत नाही.

रोटरी हॅमरची तऱ्हाच वेगळी. आत दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा हातोडा हाणते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका खराखुरा. तुम्ही फक्त मशीन सरळ धरायचं. त्याची बिटं वेगळी, खाचांच्या दांड्याची, एसडीएस-प्लस. चकची किल्ली लागत नाही, बिट खटकन बसतं आणि ठोक्यासोबत मागेपुढे सरकतं. साध्या ड्रिलची बिटं त्यात चालत नाहीत, हे घेताना लक्षात ठेवा.

पण हेच हत्यार विटेच्या घरात डोकेदुखी होतं. चार इंची भिंतीत हॅमर लावून जोरात गेलात तर पलीकडच्या खोलीतला गिलावा ताटलीएवढा गळून पडतो. ब्लॉकच्या भिंतीत भोक मोठं होतं आणि गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा तुकडा) गोल फिरत राहते. तिथे कुठल्याही मशीनचा ठोका बंदच ठेवायचा, नुसतं फिरवायचं आणि ब्लॉकसाठीची लांब गिट्टी वापरायची. टाइलवर तर ठोका नकोच. आधी चिकटपट्टी लावून काच-टाइलसाठीच्या बिटने टाइल पार करायची, मग मागच्या भिंतीसाठी बिट बदलायचं. शिवाय रोटरीचं वजन दोन-तीन किलो. लाकडात पायलट होल, म्हणजे स्क्रूआधीचं बारीक भोक, पाडायला ते घेणं म्हणजे भाजी चिरायला कोयता.

आता बॅटरीचं मशीन. याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत आणि निम्मे खोक्यावरच छापलेले असतात. 12 व्होल्ट लिहिलेल्या मशीनमध्ये तीन लिथियम सेल असतात, तिन्ही मिळून प्रत्यक्ष 10.8 व्होल्टचे. पाच सेलचं मशीन म्हणजे 18 व्होल्ट. तेच पूर्ण चार्ज झाल्यावर 21 भरतं, म्हणून कुणी 20 छापतं, कुणी 21. खोक्यावर 48 किंवा 88 असा आकडा दिसला तर बॅटरी उघडून सेल मोजायची गरज नाही, पुढच्या दुकानात जा.

बॅटरीचं मशीन भोकासाठी घेऊच नका, स्क्रूसाठी घ्या. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, घरी जोडायचं कपाट, पलंगाचे ढिले झालेले बोल्ट यात त्याची गंमत कळते. क्लचचा आकडा कमी ठेवला की स्क्रू बसल्यावर मशीन कटकट करून सुटतं, पार्टिकल बोर्डाचं भोक चरत नाही. विटेत 6 मिमीची भोकंही पाडतं. लिंटलवर मात्र माझी जी गत झाली तीच तुमची होईल, फक्त बॅटरी आधी संपेल. आणि वर्षातून दोनदाच काढणार असाल तर दिवाळीला कपाटातून काढाल तेव्हा बॅटरी मेलेली असू शकते. ठेवताना निम्मी चार्ज करून ठेवावी, पूर्ण रिकामी कधीच नाही.

वायरचं मशीन इथेच जिंकतं. पाच वर्षं माळ्यावर पडू दे, प्लग लावला की चालू. ब्रँडेड साधारण दोन ते साडेतीन हजारात येतं. दोन बॅटऱ्यांचं चांगलं 12 व्होल्ट मशीन चार हजारांच्या पुढे जातं. रोटरी तीन हजारांपासून मिळतं, नावाजलेलं घ्यायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त.

माझा कौल असा. मिवानच्या फ्लॅटमध्ये असाल तर दोन किलोच्या गटातलं रोटरी हॅमर घ्या, वायरचं इम्पॅक्ट ड्रिल घेऊन पैसे फुकट घालवू नका. सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाजबंदी असेल तर दहा सेकंदांत संपणारं भोक शेजाऱ्यांनाही परवडतं. वीट किंवा चिऱ्याचं घर आणि वर्षाकाठी चार-सहा भोकं, तर वायरचं इम्पॅक्ट. ब्लॉकची भिंत आणि लाकडी खटपटीची हौस, तर बॅटरीचं. मी स्वतः आज बॅटरीचं वापरतो आणि ते वायरचं मशीन भाच्याला देऊन टाकलंय. त्याचं घर विटेचं आहे.

लिंटलची चार भोकं तेवढी उरतात. त्यासाठी रोटरी एका दिवसाचं भाड्याने आणा, बऱ्याच हार्डवेअरवाल्यांकडे मिळतं. गीझर लावायचा असेल तर तोही त्याच दिवशी उरकून घ्या. 15 लिटरचा गीझर भरला की नुसतं पाणीच 15 किलो, तिथे गिट्टी नाही, अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट लागतो. भोक पाडताना बिट एकदम ठण्ण करून थांबलं तर सळई लागलीय, रेटू नका, इंचभर बाजूला सरका. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडायचंच नाही. भोकाच्या खाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवा, भुकटी त्यात पडते. आणि बिट मात्र स्वतःचं नवं विकत घेऊन जा, भाड्याच्या मशीनसोबत येतं त्याचं टोक आधीच्या गिऱ्हाइकाने झिजवलेलं असतं.