‘नाइट वॉच’ पडद्यावर : राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळाविषयी

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ (१६४२) या शहररक्षक सैनिकांच्या समूहचित्राचे ७१७ अब्ज पिक्सेलचे छायाचित्र आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ८,४३९ स्वतंत्र छायाचित्रे जोडून ते तयार झाले असून लगतच्या दोन पिक्सेलमधले अंतर अवघे ५ मायक्रोमीटर आहे. हा खटाटोप मुळात प्रेक्षकांसाठी नव्हे, तर संवर्धकांसाठी झाला. कारण चित्राच्या आजच्या अवस्थेची काटेकोर नोंद नसेल, तर पुढे त्यात काय बिघडले हे ठरवायचे कशावरून? १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसावे म्हणून ज्याच्या कडा कापल्या गेल्या आणि १९७५ मध्ये ज्यावर सुरीचे वार झाले, त्या चित्राच्या बाबतीत ही दक्षता अनाठायी नाही.

दूरच्या प्रेक्षकालाही त्याचा चांगलाच लाभ होतो. मधोमध उभ्या असलेल्या कॅप्टनच्या डोळ्यापर्यंत झूम करत गेले की डोळा विरून जातो आणि उरतात रंगाचे फटकारे व त्यांवरचे केसासारखे तडे. उजवीकडे खाली, ढोलवाल्यापाशी असलेल्या कुत्र्यावरची पांढुरकी धूसरता तर आवर्जून पाहावी. दालनात इतक्या जवळ कोणी फिरकूही देणार नाही. झूम करू तसा तेवढाच भाग उतरत असल्याने साध्या लॅपटॉपवरही काम भागते.

तरीही चित्र ‘पाहिले’ असे म्हणायला मन धजत नाही. सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद पटावरची ती फौज समोरून चालून आल्याचा जो दरारा असतो, तो पडद्यावर उमटत नाही. मोबाइलवर तर मुळीच नाही.

मराठी वाचकाने मात्र एवढ्यावरच थांबू नये. याच संग्रहालयातील विट्सेन संग्रहात (अ‍ॅम्स्टरडॅमचे तत्कालीन महापौर निकोलास विट्सेन यांच्या चित्रसंग्रहात) सतराव्या शतकातले, दख्खनी शैलीतले शिवाजी महाराजांचे चित्र आहे, आणि स्वामित्वहक्क संपलेल्या इतर कलाकृतींप्रमाणे तेही डाउनलोड करून वापरण्यास मोकळीक आहे. पुस्तकांतून छापलेल्या फिकट नकलांवर आजवर समाधान मानणाऱ्यांना ही सोय मला ७१७ अब्ज पिक्सेलपेक्षाही मोलाची वाटते. संकेतस्थळ डच आणि इंग्रजीत असल्याने महाराजांचे नाव रोमन लिपीत टाकून शोधावे, आणि पहिल्या फटक्यात सापडले नाही तर विट्सेनच्या नावाने शोधून पाहावे.