‘पंधरा हजारांत समुद्र’: छोट्या मरीन टँकच्या तयार संचाचा नऊ महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या जानेवारीत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या एका दुकानातून मी १४,५०० रुपयांना समुद्री मासे आणि प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा तयार संच विकत घेतला. दुकानातल्या पाटीवर ‘पंधरा हजारांत समुद्र घरी न्या’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. आज ऑक्टोबर संपत आला आहे आणि त्या समुद्रावर माझे एकूण ३३,९०० रुपये खर्च झाले आहेत. तरीही संच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. त्यात चुकली आहे ती पैशांची वाटणी: काच, दिवा, पंप या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू चांगल्या दिल्या आहेत आणि ज्यावर सगळा खेळ चालतो त्या पाण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला आहे.

टँक ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच आहे. मागच्या बाजूला तीन कप्पे असून त्यांतच गाळणी आणि गाळलेले पाणी परत टँकमध्ये सोडणारा रिटर्न पंप बसतो, त्यामुळे खाली वेगळी टाकी ठेवावी लागत नाही. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास प्रत्यक्षात सुमारे ४० लिटर पाणी मावते. काचेचे जोड स्वच्छ आहेत, पंपाचा आवाज रात्री झोपेत ऐकू येत नाही, आणि वन बीएचके घरात हॉल हीच झोपण्याची खोली असल्यामुळे या गुणाचे मोल मला अधिक वाटते. निळ्या-पांढऱ्या एलईडी दिव्याबद्दल तक्रार नाही. मऊ, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या प्रवाळांना लागतो तेवढा उजेड तो देतो.

दगडांच्या बाबतीत दुकानदाराचे कौतुकच केले पाहिजे. शोभेच्या टँकसाठी मेलेल्या प्रवाळांचे पांढरे सांगाडे विकण्याची जुनी रीत आहे आणि पुष्कळ ग्राहक तेच मागतात. परंतु खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्येच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत झालेला आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांचाही समावेश तेव्हाच झाला. हे संरक्षण मेलेल्या तुकड्यांनाही लागू होते. कोस्टल रोडच्या बांधकामाच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या, यावरून या कायद्याचे वजन लक्षात यावे. या संचात सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम दगड होते. ते सुरुवातीला विटांसारखे दिसतात, पण चार-पाच महिन्यांत त्यांच्यावर जांभळट थर चढला आणि आता पाहुण्यांना ते खरे वाटतात.

आता पाण्याविषयी. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला पहिला प्रश्न हाच पडतो की समुद्र दोन स्टेशनांवर असताना मीठ विकत का घ्यावे. माझ्या सासऱ्यांनी तर कॅन भरून आणण्याची तयारीही दाखवली होती. परंतु शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी मिसळलेले असते, पावसाळ्यात त्याची क्षारता झपाट्याने उतरते, आणि ४० लिटरच्या बंद टाकीत अशी चूक पचवण्याची ताकद नसते. म्हणून मीठ बाजारातले आणि गोडे पाणी घरचे, हाच मार्ग उरतो. घरचे पाणी म्हणजे नळाचे असे समजून दुकानदाराने संचात क्लोरीन मारणारी एक छोटी बाटली दिली होती. तिने क्लोरीन जातो हे खरे. पण सिलिकेट, फॉस्फेट आणि इमारतीच्या जुन्या नळजोडण्यांतून उतरू शकणारे तांबे जात नाही, आणि तांबे गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ यांच्यासाठी विष आहे. आमच्याकडे महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, साधारण ६५ येतो. पिण्यासाठी हे पाणी उत्तम असले तरी टँकसाठी तो आकडा शून्य हवा. नंतर मी स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरून पाहिले, तर मीटरने ४५ दाखवले. चव यावी म्हणून त्या यंत्रात थोडे नळाचे पाणी परत मिसळण्याची सोय असते, हे तेव्हा कळले.

शेवटी ६,५०० रुपयांचे आरओ-डीआय यंत्र घेतले. त्याच्या शेवटच्या नळीत पाण्यात उरलेले क्षार शोषून घेणारे रेझिनचे दाणे असतात आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस खरोखर शून्य येतो. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर वाया जाते, ते आम्ही बादलीत धरून लादी पुसायला आणि बाथरूम धुवायला वापरतो. पहिल्या महिन्यात वाळूवर चढलेला तपकिरी थर नव्या टँकमध्ये काही प्रमाणात येतोच. परंतु यंत्र आल्यानंतर तीन आठवड्यांत तो जसा ओसरला, त्यावरून नळाच्या पाण्याचा त्यात मोठा वाटा होता असे माझे मत झाले आहे.

संचातले दुसरे अपुरे साधन म्हणजे क्षारता मोजण्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर. त्याच्या हलत्या काट्याला हवेचा एक बारीक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा अधिक खारे असल्याचे दाखवतो. माझा काटा १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकी घनता, दाखवत असताना शेजारच्या इमारतीतल्या एका अनुभवी गृहस्थांनी त्यांच्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता सांगणाऱ्या उपकरणाने, तेच पाणी मोजले, तेव्हा ते १.०२१ निघाले. पाच आठवडे मी समुद्र समजून पातळ मिठाचे पाणी सांभाळत होतो. रिफ्रॅक्टोमीटर १,८०० रुपयांना मिळतो. तो नुसत्या शुद्ध पाण्यावर न जुळवता ३५ क्षारतेच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणावर जुळवावा. मिठाची मात्र मला कुरकुर नाही. संचातल्या पाच किलोंपैकी पहिल्या भरणीला सुमारे दीड किलो लागले आणि दर आठवड्याला चार लिटर पाणी बदलायला दीडशे ग्रॅम पुरतात, म्हणजे एक पिशवी जवळजवळ सहा महिने चालते. एवढेच की मुंबईच्या हवेत उघडी पिशवी पंधरा दिवसांत दगड होते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

दुकानातल्या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट नाराजी नोंदवायची आहे. ‘आज पाणी भरा, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, मासे आत्ताच घेऊन जा,’ असे सांगून त्यांनी मला दोन क्लाउनफिश आणि एक ब्लू टँग देऊ केला होता. ब्लू टँग पूर्ण वाढला की फूटभर होतो, म्हणजे टँकच्या रुंदीएवढा. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जावे लागतात, आणि तोपर्यंत रिकाम्या टँककडे पाहत बसण्याची तयारी असावी लागते. मी चिमूटभर खाद्य टाकून वाट पाहिली. अमोनिया चढला, उतरला, मग नायट्राइट चढला, आणि दोन्ही शून्यावर आले तो दिवस एकतिसावा होता. हे कळण्यासाठी लागणारे तपासणी संच ३,००० रुपयांचे. ते दुकानदाराने नावालाही सुचवले नव्हते.

या संचातली सर्वांत निरुपयोगी वस्तू म्हणजे ५० वॉटचा हीटर. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटेचा अपवाद सोडला तर मुंबईत त्याला काम नाही. इथे लढाई उलट दिशेची आहे. पाणी २४ ते २७ अंशांत राहावे असे अपेक्षित असते आणि मे महिन्यात दुपारी माझ्या टँकचे पाणी ३१.४ अंशांवर गेले. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेणे या खर्चाच्या मर्यादेत बसत नाही; त्याची किंमत संपूर्ण संचाहून अधिक होते आणि वीजही पुष्कळ लागते. म्हणून ७५० रुपयांचे दोन छोटे पंखे टँकच्या काठावर चिमट्यांनी बसवले. पंख्याचा वारा पाण्याची वाफ करतो, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, आणि मे महिन्यात तेवढ्यावर पाणी २८.६ पर्यंत उतरले. जुलैत हवाच दमट असल्याने ती आणखी वाफ घेईना आणि तोच पंखा एक अंशही खाली आणेना. सुदैवाने तेव्हा बाहेरचे तापमानच कमी होते. खरी परीक्षा आत्ताची ऑक्टोबर हीट आहे, कारण ऊन मे महिन्याचे आणि दमटपणा पावसाळ्याचा, अशी दुहेरी अडचण असते. सध्या पाणी २९ च्या आसपास राहते. मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिश ते सोसत आहेत. याहून नाजूक जीव या टँकमध्ये ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

पंख्याची किंमत पाण्यातही मोजावी लागते. दिवसाला जवळजवळ एक लिटर पाणी उडते आणि मीठ मात्र टँकमध्येच राहते, त्यामुळे रोज तेवढेच गोडे पाणी भरावे लागते. गणपतीला पाच दिवस गावी जायचे होते. पाच दिवसांत पाच लिटर उडाले असते, तर ४० लिटरच्या टँकची क्षारता ३५ वरून ४० वर गेली असती. शेजारच्या काकूंना समजावून सांगितले तर त्या आनंदाने करतील, पण कमी भरले की काळजी आणि जास्त भरले तरी काळजी. म्हणून २,४०० रुपयांचा, पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा पंप लावला. परत आलो तेव्हा क्षारता ३५ होती आणि बादलीत तळाशी दोन बोटे पाणी शिल्लक होते. संपूर्ण खर्चात मला सर्वांत समाधान देणारी खरेदी हीच.

वीज महिन्याला सोळा-सतरा युनिट अधिक जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सबंध मुंबईची वीज गेली होती, ती आठवण ठेवून सेलवर चालणारा ४५० रुपयांचा हवेचा पंप घेऊन ठेवला आहे.

टँकमध्ये आज दोन क्लाउनफिश, तीन गोगलगायी, बटन पॉलिप या प्रवाळांसारख्या मऊ जिवांचे दोन गुच्छ आणि मशरूम प्रवाळांचा एक दगड आहे. यांवर एकूण ४,५०० रुपये गेले. क्लाउनफिश घेताना ते समुद्रातून पकडलेले नसून बंदिस्त पैदाशीचे आहेत का, हे आवर्जून विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या पैदाशीचे तंत्र विकसित केलेले आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे, त्यामुळे हा प्रश्न दुकानदाराला विचित्र वाटू नये. असे मासे पहिल्या दिवसापासून दाणेदार खाद्य खातात. बटन पॉलिप हाताळताना मात्र हातमोजे घालावेत, कारण त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. दगड स्वच्छ करण्यासाठी तो गरम पाण्यात उकळणे तर कटाक्षाने टाळावे, कारण वाफेतूनही बाधा होते. दुकानात या विषयी एक शब्दही बोलला गेला नाही, याचा मला आजही राग आहे.

मार्चमध्ये दुकानात तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हायड्रोमीटर परत घेतला नाही, पण गळणारा पंप पावती न मागता बदलून दिला. काउंटरवरचा मालक विक्रीच्या घाईत असतो. मागे टँक धुणारा त्यांचा मुलगा सावकाश आणि बरोबर उत्तरे देतो, म्हणून शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. संच सुटा करून मागितला तर ते देतात, हेही मला उशिरा समजले. काच, पंप, दिवा, सिरॅमिकचे दगड आणि मीठ घ्यावे. हीटर, हायड्रोमीटर आणि बॅक्टेरियाची बाटली काढायला लावून त्यांचे पैसे रिफ्रॅक्टोमीटरकडे वळवावेत. गेल्या आठवड्यात माझ्या मेहुण्यासाठी मी असाच सुटा भाव विचारला, तेव्हा त्यांनी ११,२०० रुपये सांगितले आणि मासे आजच न्या, असेही सांगितले.