लातूरच्या बोअरच्या पाण्यावर प्लांटेड टँक : दहा महिन्यांचा अनुभव

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात हा प्लांटेड टँक, म्हणजे मासे आणि जिवंत पाणवनस्पतींचा काचेचा टँक, भरला आणि हे लिहितोय गौरी-गणपतीच्या दिवसांत. म्हणजे एक हिवाळा, एक आख्खा उन्हाळा आणि बराचसा पावसाळा या टँकने बघितलाय. पहिल्या पंधरा दिवसांत लिहायला बसलो असतो तर "लातुरात हे जमत नाही" एवढंच लिहून मोकळा झालो असतो. आज मत अगदी उलट आहे. जमतं, आणि छान जमतं. फक्त माशांसाठी पाण्याचा गुण बदलत बसायचं नाही. आपल्या पाण्याला मानवतील तीच झाडं आणि तेच मासे आणायचे. हे मला उशिरा कळलं आणि त्यात बारा निऑन टेट्रा मासे गेले, याचं वाईट अजून वाटतं.

आधी सामान सांगतो. टँक 24 × 12 × 15 इंच, 6 मिमी काच. हिशेबाने 70 लिटर, पण माती, वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी बसतं 60 लिटरच्या आसपास. भरल्यावर सगळं मिळून नव्वद-शंभर किलो होतं, त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार सोडला, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला आणि काचेखाली थर्माकोलची शीट टाकली. 24 वॅटचा एलईडी, टायमर, टँकच्या कडेला टांगायचा हँग-ऑन फिल्टर, एअर पंप, हिवाळ्यासाठी 50 वॅटचा हीटर, आणि नंतर घेतलेला स्पंज फिल्टर. स्टँडसकट साडेसात हजारांत बसलं. मासे आणि झाडं वेगळी.

आता पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 820, पीएच (7 च्या वर म्हणजे अल्कधर्मी) 8.1 आणि केएच (पीएच खाली येऊ न देणारं कार्बोनेट-बायकार्बोनेट) 17 डिग्री. आकडे ज्यांना नवे आहेत त्यांनी आपल्या गीझरची कॉइल किंवा नळाची जाळी बघावी. जो पांढरा थर तिथे बसतो तोच टँकच्या काचेवर पाण्याच्या रेषेशी बसतो. काळ्या पाषाणातून मुरत येणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं, म्हणजेच जड असतं. धनेगावच्या मांजरा धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने सौम्य, पण आमच्या भागात ते आठवड्यातून एकदा येतं आणि त्यात क्लोरीन असतं. प्यायचं सोडून ते टँकसाठी साठवायचं, हे आमच्या घरात कुणाला पटलं नसतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आलं होतं. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांचा हात बादलीभर पाणी ओतून देताना आखडतोच. पहिल्यांदा टँकचं पाणी मोरीत सोडलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कामून ओतायलास रे एवढं पाणी? त्या आगगाडीचं पाणी इसरलास का?" त्या दिवसापासून टँकमधून निघालेला एक थेंबही मोरीत गेलेला नाही. सगळं कुंड्यांना. माशांच्या विष्ठेतून तयार झालेलं नायट्रेट त्या पाण्यात असतं, आणि आमच्या कढीपत्त्याने या उन्हाळ्यातही पान टाकलं नाही. आता दर रविवारी आजीच विचारते, "माशाचं पाणी कधी काढायलास?"

निऑन टेट्रांचं सांगायलाच हवं, कारण बहुतेकांचा पहिला टँक इथेच बंद पडतो. दुकानदाराने सांगितलं होतं, पाणी भरा, हे औषध टाका, संध्याकाळी मासे सोडा. सोडले. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले आणि आठवड्यात सगळे गेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतातच. ते फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपल्याकडे याचा फटका जास्त बसतो, कारण पीएच 7 चा 8 झाला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो. मऊ पाण्याच्या गावात जी चूक पचून जाते ती इथे पचत नाही. त्यात मी पीएच कमी करणारी बाटली आणून भर घातली. केएच 17 असलेलं पाणी ॲसिडला दाद देत नाही. रात्री 7.2 दिसलेला पीएच सकाळी पुन्हा 8 वर, आणि त्या वरखालीत मासे आणखी खचले.

मग टँक पाच आठवडे माशांविना चालवला. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होऊ द्यायचा. नांदेडच्या मित्राच्या जुन्या टँकमधला स्पंज माझ्या पाण्यात पिळून घेतला, त्यातल्या जिवाणूंनी काम बरंच लवकर झालं. टेस्ट किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांवर माझा विश्वास बसला नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तेव्हा मासे आणले. कुठले? गप्पी. हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तेच. आपल्या गल्लीतल्या हौदात, याच जड पाण्यात, कुणी लक्ष न देता ते वर्षानुवर्षं पिलं देतात आणि मी मात्र ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले टेट्रा घेऊन आलो होतो. आज टँकमध्ये सात नर गप्पी आहेत. माद्या ठेवल्या नाहीत, नाहीतर दोन महिन्यांत जागा पुरत नाही. सोबत चार प्लॅटी मासे. मासे जास्त झालेच तर कुणाच्या तरी हौदात द्या, पण नदी-तलावात सोडू नका. तिथल्या देशी माशांच्या अंड्या-पिलांवर ते ताव मारतात.

तळाला काय घालावं यावर मी बराच वेळ घालवला. महागडी ॲक्वासॉइल, म्हणजे टँकच्या तळासाठी मिळणारी तयार माती, पाण्यातला केएच शोषून घेते, पण 17 केएचच्या पाण्यात तिची ती ताकद लवकर संपते, म्हणून पैसे घातले नाहीत. शेतातली काळी माती बरणीत पाणी घालून बघितली. आठ दिवस झाले तरी गढूळपणा बसेना. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी माती ती, टँकमध्ये तरी वेगळं काय करणार? शेवटी नर्सरीतली तांबडी माती चाळून एक इंच आणि वर धुतलेली वाळू दोन इंच. वाळू आणि दगडावर आधी व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर त्यात चुनखडी आहे. माझ्या घमेल्यातले तीन दगड असे बाद झाले. आधीच जड असलेल्या पाण्यात आणखी चुना कशाला?

झाडांमध्ये या टँकची खरी नायिका व्हॅलिस्नेरिया, लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती. पाच रोपं लावली होती, आज मागची सगळी काच तिने झाकलीय. बहुतेक झाडांना पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि टँकच्या पाण्यात तो थोडाच असतो. ही मात्र बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेते, आणि बायकार्बोनेटची आपल्याकडे चंगळ. एप्रिलमध्ये एक जुनं पान काढून बोटांत धरलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. उजेडाला धरलं तेव्हा दिसलं, पानावर पांढरे कण चिकटलेले. पान कार्बन ओढून घेतं तेव्हा मागे उरलेला चुना पानावरच बसतो. गीझर खराब करणारं आमचं पाणी या झाडाचं अन्न आहे, हे तेव्हा मला हातात दिसलं. दुपारी दोन-अडीचला, दिवा लागून तीन तास झाले की, पानाच्या कडेवर ऑक्सिजनचे बुडबुडे मोहरीएवढे होतात आणि एकेक सुटून वर जातो. जेवून आलो की मी दहा मिनिटं तिथेच बसतो.

अनुबियास आणि जावा फर्नही उत्तम चालले. दोन्हींचा कंद वाळूत पुरायचा नाही, दोऱ्याने दगडाला बांधायचा; पुरला की कुजतो. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या पंधरवड्यात वितळून गेली, पण मुळं तशीच ठेवली आणि महिन्याने नवी पानं आली. कॅबोम्बा दोनदा आणली, दोनदा पिचली. तो नाद सोडला.

फेब्रुवारीत व्हॅलिस्नेरियाची नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्या. बघितल्या बघितल्या ओळखलं, कारण आमच्या चुनखडीच्या तुकड्यातलं सोयाबीन दरवर्षी असंच दिसतं. लोहाची कमतरता. उपायही तोच. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह) आणलं, पण पुडीवर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून. साधं ईडीटीए आठच्या पीएचला टिकत नाही. 6 टक्के लोह असलेली 10 ग्रॅम पूड अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवली आणि आठवड्यातून एकदा 5 मिली टाकतो. 60 लिटरला ते साधारण 0.1 पीपीएम, म्हणजे लिटरला 0.1 मिलिग्रॅम लोह होतं. एक-दोन दिवस पाण्याला लालसर झाक येते, घाबरू नका. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली. मात्र "मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट"ची पुडी अजिबात टाकू नका. त्यात तांबं असतं आणि कोळंबीला तांबं म्हणजे विष. माझ्याकडे चेरी कोळंबी आहेत, दहाच्या आता तीस-चाळीस झाल्या असतील. त्यांना आणि गोगलगाईंना कवचासाठी कॅल्शियम लागतंच, ते आपल्या पाण्यात भरपूर.

कार्बन डायऑक्साइडसाठी साखर-यीस्टची बाटली करून बघितली. डिसेंबरच्या थंडीत बुडबुडा येईना, मार्चमध्ये थांबेना. काढून टाकली, झाडांना काही फरक पडला नाही.

लाईटचा त्रास मात्र खरा आहे. एका रात्री वीज गेली आणि सकाळी फरशीवर पाणी. एअर पंप टँकच्या खाली स्टँडवर ठेवला होता. पंप बंद पडला की नळीतून पाणी उलटं खाली येतं. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. मी आता दोन्ही करतो. हँग-ऑन फिल्टर वीज आली तरी कधी कधी पाणी न ओढता नुसता घरघरत राहायचा, म्हणून मार्चपासून स्पंज फिल्टरवर आलो. त्याचा पंप 4 वॅटचा, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. झाडं अंधारात ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात, त्यामुळे पहाटेची वेळ माशांना सगळ्यात कठीण.

मे महिन्यात बाहेर 42 अंश होते आणि टँक 33.5 वर गेला. 20 अंशाला लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 33 ला 7 च्या आसपास. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान झपकन उतरतं आणि पुन्हा चढतं. कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे दोन जुने पंखे काचेच्या कडेला लावले आणि पाण्यावर वारा सोडला. कोरड्या हवेत तापमान तीन अंश खाली आलं. हॉलमध्ये कूलर चालू असला की हवा दमट होते आणि पंख्यांचा गुण कमी येतो, पण खोलीच थंड असते म्हणून निभतं. यात रोज सव्वा लिटर पाणी उडून जायचं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचंच पाणी वरून घालत गेलो तेव्हा पंधरा दिवसांत टीडीएस 1,050 झाला. तेव्हापासून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने आणि आठवड्याला 10 लिटर बदल बोअरच्या पाण्याने. आज सकाळी मीटर 840 दाखवत होता.

शेवाळ पहिल्या दोन महिन्यांत भरपूर आलं, आधी तपकिरी, मग हिरव्या केसांसारखं. मी दिवा दहा तास ठेवत होतो. साडेसहा तासांवर आणला आणि व्हॅलिस्नेरिया दाटली तसं ते मागे हटलं. काचेवरचा चुना पाणी काढलं की व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसतो, थेंब आत पडू देत नाही.

परवा व्हॅलिस्नेरियाची अठरा पिल्लं फुटव्यांवरून तोडली आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून उदगीरच्या मावसभावाला दिली. त्याच्या बोअरचा टीडीएस 1,100 आहे. टँक भरून झालाय, मासे दिवाळीच्या आत आणणार नाही असं त्याने मला कबूल केलंय, आणि माझा जुना स्पंजही त्याच पिशवीत घातलाय.