विंडोजशेजारी बिऱ्हाड कुणाचं: डेबियन की फ्रीबीएसडी?

मशीन एकच, टॅलीसाठी विंडोज ठेवणं भाग, आणि शेजारी युनिक्सच्या घराण्यातली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम हवीय: एकतर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, नाहीतर लिनक्सहून वेगळं असलेलं फ्रीबीएसडी. डेस्कटॉप कसा दिसतो यावरून ठरवू नका, केडीई हा डेस्कटॉप दोन्हींवर चालतो. आधी डिस्कवर पार्टिशनची (म्हणजे डिस्कच्या भागांची) मांडणी कोणती आहे आणि वायफायचं कार्ड कोणतं आहे ते बघा.

जुन्या असेम्बल्ड पीसीत बहुधा एमबीआर ही जुनी मांडणी सापडेल. त्यात प्रायमरी, म्हणजे मुख्य पार्टिशन जास्तीत जास्त चार, आणि २ टीबीच्या पुढची डिस्क वायाच. आपल्याकडचा नेहमीचा थाट म्हणजे सी प्रायमरी आणि उरलेल्या सगळ्या डिस्कभर एक्स्टेंडेड, त्याच्या पोटात डी आणि ई ही लॉजिकल पार्टिशनं. डेबियनला ई रिकामा करून दिला की झालं, लॉजिकल पार्टिशनमध्ये ते मजेत राहतं. फ्रीबीएसडीला स्वतःचं प्रायमरी लागतं, त्यामुळे आख्खं एक्स्टेंडेड आक्रसून जागा काढावी लागते. डेटाचा बॅकअप नसेल तर या वाटेला जाऊ नका. (३२-बिट मशीन असेल तर डेबियन १३ आणि फ्रीबीएसडी १५ दोघांनीही दार लावून घेतलंय.)

नव्या लॅपटॉपवर जीपीटी ही नवी मांडणी असते, १२८ पार्टिशनपर्यंत चिंता नाही. तिथे अडतं ते सिक्युअर बूटपाशी, म्हणजे सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीपाशी. डेबियन १० पासून ते चालू ठेवूनही इन्स्टॉल होतं. फ्रीबीएसडीसाठी बंद करावं लागतं. बंद केलं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. मी ती जपून ठेवली होती, त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर! तुम्ही कागदावर लिहून घ्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही बंद करा, त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं.

वायफायमध्ये डेबियन सरळ पुढे आहे. आवृत्ती १२ पासून फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येतं. फ्रीबीएसडीत इंटेलची नवी कार्डं चालतात, पण त्यांना बऱ्यापैकी वेग मिळाला तो २०२५ मध्ये, १४.३ पासून. ब्रॉडकॉम कंपनीचं कार्ड असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून नेट घ्यायची तयारी ठेवा.

डेबियननंतर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं, तर मदरबोर्डवरची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' (timedatectl) या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ धरायला लावता येतं.

मग फ्रीबीएसडी घ्यायचंच कशाला? झेडएफएस या फाइल सिस्टिमसाठी, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीसाठी. इन्स्टॉल करतानाच ते निवडता येतं, आणि अपडेटच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट (चालू सिस्टिमची जपून ठेवलेली प्रत) करून ठेवलं की गडबड झाल्यावर बूट मेनूतून कालची सिस्टिम परत उभी राहते. डेबियनचा इन्स्टॉलर हे देत नाही. फक्त ४ जीबी रॅमवर झेडएफएसचा हट्ट नको, फ्रीबीएसडीची जुनी यूएफएस फाइल सिस्टिम बरी.

माझ्या मते डिस्क एकच असेल तर डेबियन. दुसरी एसएसडी बसत असेल आणि लॅनची केबल हाताशी असेल, तर फ्रीबीएसडी जरूर घ्या. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून बाजूला ठेवा: यादीत डिस्कना 'एडीए०' आणि 'एडीए१' (ada0, ada1) अशी नावं असतात, सी ड्राइव्ह त्यातल्या कशावर आहे ते रात्री अकरा वाजता ओळखू येत नाही.