जिप्सम प्लास्टर : एक अख्खा पावसाळा काढल्यावर

साताऱ्यात जुन्या घरावर वरचा मजला चढवला आणि आतल्या भिंतींना सिमेंटऐवजी जिप्सम केलं. त्याला आता वर्ष होत आलं. 'आम्हीही करू का?' असं अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी सुटका पाण्यापासून झाली. सिमेंटचा गिलावा म्हटला की निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारणं आलंच. आमचं काम ऐन एप्रिलमधलं, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचीच मारामार. जिप्समला पाणी मारायचंच नसतं. वाळू चाळणं नाही, दारात वाळूचा ढीग नाही, की त्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर नाही.

काम बघायला मजा येते. घमेल्यात आधी पाणी, मग वरून पावडर. उलट केलं तर गुठळ्या होतात. माल अर्ध्या तासाच्या आत आवळतो, त्यामुळे मिस्त्री थोडा थोडाच कालवायचे आणि दर खेपेला घमेलं खरवडून धुवायचे. जुन्या घट्ट मालाचा कण राहिला तर नवा माल वेळेआधीच धरतो म्हणे. आवळत असताना मी भिंतीला हात लावून पाहिला, चांगली कोमट लागली. खनिज जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की ही पावडर होते. तिला पाणी परत मिळालं की ती पुन्हा मूळ रूपात घट्ट होते, आणि तेव्हा उष्णता बाहेर पडते.

फिनिशिंगला तोड नाही. भिंतीला लागून ट्यूबलाइट लावली की सिमेंटच्या भिंतीचे उंचवटे लगेच उघडे पडतात. इथे तसं काही दिसत नाही. पुट्टीचा खर्च वाचला, भिंत पूर्ण वाळल्यावर थेट प्रायमर मारला. खालच्या मजल्यावर सिमेंटला केसासारख्या चिरा आहेत, वर अजून एकही नाही. जिप्सम वाळताना सिमेंटसारखं आकसत नाही. मात्र बीम आणि विटांच्या जोडावर जाळी मारून घ्या, आणि गुळगुळीत काँक्रीटवर आधी बाँडिंगचा, म्हणजे प्लास्टर धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, हात हवाच.

'घर थंड राहतं' हे दुकानदाराचं पालुपद मी फारसं मनावर घेत नाही. बारा-तेरा मिलिमीटरच्या थराने किती फरक पडणार? वरच्या मजल्याला ऊन लागतं ते स्लॅबमधून.

आता पावसाळ्याची गोष्ट. जुलैत पश्चिमेच्या खिडकीखाली भिंत फुगली आणि पोपडे सुटले. नखाने टोकरलं तर ओल्या खडूसारखा लगदा हातात आला. ठेकेदाराने आतून पुट्टी लावून दिली, ती आठवड्यात गळून पडली. खरी चीर बाहेरच्या सिमेंटमध्ये, खिडकीच्या कट्ट्याखाली होती. पाऊस उघडल्यावर बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं, भिंत वाळू दिली आणि मगच आतला तुकडा भरला. तेव्हापासून कोरडं आहे. माझ्या मते दोष जिप्समचा नव्हता, पण पाणी त्याला अजिबात सोसत नाही हेही तितकंच खरं. ज्यांच्या भिंतींना बाहेरून ओल येते त्यांनी आधी बाहेरचं काम करावं, नाहीतर जिप्समच्या वाटेला जाऊ नये.

बाथरूम, मोरी आणि बाहेरच्या बाजूला सिमेंटच. फरशीलगतची चार-पाच इंच पट्टीही आम्ही सिमेंटची ठेवली. रोजच्या पुसण्याचं पाणी वर चढत नाही. लोखंडी बॉक्स किंवा पट्टी प्लास्टरखाली जाणार असेल तर आधी रेड ऑक्साइड लावा, नाहीतर गंजाचे डाग फुटतात.

भिंत मऊ आहे, हे रोज जाणवतं. खुर्चीची पाठ घासली की खळगा पडतो. गणपतीच्या मखरासाठी ठोकलेला खिळा काढताना रुपयाएवढा तुकडा निघाला. जड वस्तूला ड्रिल करून, विटेत पोचेल एवढा लांब स्क्रू आणि प्लग लागतो.

गोणी घेताना आयएस 2547 (जिप्सम प्लास्टरचं भारतीय मानक) आणि तारीख बघा. तीन-चार महिन्यांहून जुनी नको, ओलाव्याने गठ्ठे झालेली तर मुळीच नको. 25 किलोच्या गोणीत साधारण 20 ते 22 चौरस फूट होतं, पण विटांचं बांधकाम वाकडं असेल तर थर जाड होतो आणि हिशोब कोलमडतो. ठेकेदाराशी दर ठरवताना जाडी किती धरली आहे आणि दारं-खिडक्या मापातून वजा होणार का, हे कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला.